कुलपातलं वायफाय

अण्णांनी आयुष्यात एकही वस्तू फोडली नाही, एकही हरवली नाही आणि एकही वापरली नाही. पहिल्या दोन गोष्टींचा त्यांना भारी अभिमान होता. तिसरी त्यांच्या कधी लक्षातच आली नव्हती.

चौतीस वर्षं ते एका शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होते. शिकवायचे दुसरेच; अण्णांकडे कपाटांच्या किल्ल्या असायच्या. पण ज्याच्या कमरेला किल्ल्या त्याचीच प्रयोगशाळा, असं त्यांनी पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं. विज्ञानाचे शिक्षक आले आणि गेले, अण्णा आणि त्यांची कुलपं तेवढी राहिली. मुलं त्यांना 'कुलूपसर' म्हणायची. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण अण्णांना ते ठाऊक होतं आणि मनातल्या मनात आवडायचंही.

त्या प्रयोगशाळेत पितळी नळीचा एक सूक्ष्मदर्शक होता. वर्षातून एकदा अण्णा मुलांना रांगेत उभं करून तो कपाटाच्या उघड्या दारातून दाखवायचे. हात लावायचा नाही, जवळ जाऊन श्वास सोडायचा नाही. "पाहिलात? आता जागेवर बसून आकृती काढा," असं म्हणून दार बंद. एवढ्या वर्षांत त्यातून कोणी काहीही पाहिलं नाही, म्हणून तो अण्णांच्या निवृत्तीच्या दिवशीही नवाकोरा होता. त्याच वर्षी शाळेनं नवी प्रयोगशाळा बांधली आणि जुनं सामान मोडीत काढलं. हेडमास्तरांनी अण्णांनाच सांगितलं, जे काढायचं त्यावर चिठ्ठ्या लावा. अण्णांनी आपल्या वळणदार अक्षरात प्रत्येक वस्तूवर 'निकामी' अशी चिठ्ठी लावली, त्यातली एक त्या लोखंडी कपाटावर आणि एक सूक्ष्मदर्शकाच्या पेटीवर. मग ते दोन्ही टेम्पोत घालून घरी आणलं.

तेव्हापासून ते हिरवं, दोन दारांचं, जाड पत्र्याचं कपाट बाहेरच्या खोलीत उभं होतं. आत सूक्ष्मदर्शक होता. एकदाही न उघडलेली छत्री होती. कोणीतरी भेट दिलेले काचेचे कप होते, अजून खोक्यातच. नातीला चित्रकलेच्या स्पर्धेत मिळालेली रंगांची पेटीही होती. "पोर सांडेल, मोठी झाली की देऊ," असं म्हणून अण्णांनी ती आत ठेवली. पोर मोठी झाली, पेटी उघडली, तेव्हा रंगांचे दगड झाले होते. अण्णांनी पेटी पुसून परत आत ठेवली. कुलूप लावल्यावर ते दोनदा हिसका देऊन पाहायचे, मगच त्यांना चैन पडायची.

ह्या घरात सूनबाई लग्न होऊन आली, त्याला बारा वर्षं झाली होती. त्यातली दहा तिनं एका मोठ्या दुकानाच्या बिलाच्या काउंटरवर उभं राहून काढली होती. मग तिच्या कमरेचा मणका सरकला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की आता उभ्यानं काम बंद. सहा महिने ती घरी बसली. मग एका दवाखान्याचं काम मिळालं: घरात बसून, कानाला हेडफोन लावून, लॅपटॉपवर येणारे रुग्णांचे फोन घ्यायचे आणि त्यांना डॉक्टरांच्या वेळा द्यायच्या. तीन महिने उमेदवारीचे. ते नीट पार पडले तर नोकरी कायम, नाहीतर पुन्हा काउंटर आणि पुन्हा कंबर. ह्या कामासाठीच घरात इंटरनेट आलं.

इंटरनेटवाल्यानं बाहेरच्या खोलीत भिंतीवर एक पांढरी डबी बसवली. तिच्यातून एक वायर काढून शेजारी खुंटीवर राउटर टांगला. चार दिवस सगळं झकास चाललं. आतल्या खोलीत बसलेल्या सूनबाईला पलीकडच्या माणसाचा खोकलासुद्धा ऐकू यायचा. पाचव्या दिवशी शेजारचे गृहस्थ आले, राउटरकडे पाहून म्हणाले, "वा, चांगला दिसतोय," आणि गेले. त्यांचं हे एक वाक्य घराला भोवलं. चांगली वस्तू उघड्यावर टांगलेली आहे आणि लोक तिच्याकडे बघताहेत, हे अण्णांना सहन होण्यासारखं नव्हतं. त्यांनी कपाटाच्या पाठीला एक भोक पाडलं, त्यातून वायरी आत घेतल्या, राउटर मधल्या फळीवर छत्रीशेजारी ठेवला आणि कुलूप लावलं. दोनदा हिसका दिला.

त्या दिवसापासून सूनबाईचे फोन तुटायला लागले.

एक म्हातारी बाई आपला नंबर चार वेळा सांगून रडकुंडीला आली. एक गृहस्थ "माझ्या छातीत" एवढं म्हणाले आणि पुढचं काही आलंच नाही. त्यांचा पुन्हा फोन येईपर्यंत सूनबाई त्यांचा नंबर फिरवत राहिली. छातीत नाही, छातीच्या फोटोबद्दल विचारायचं होतं त्यांना. पण तेवढ्या दहा मिनिटांत तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"अण्णा, राउटर बाहेर होता तेव्हा बरं चालत होतं," ती म्हणाली.

अण्णांनी तिच्याकडे कणवेनं पाहिलं. अडाण्यांकडे पाहण्याची त्यांची एक खास नजर होती. "लहरी आहेत त्या, सूनबाई. लहरींना दार लागत नाही. भिंतीतून जातात की नाही? मग पत्र्यातून जायला काय झालं? पत्रा तर भिंतीपेक्षा पातळ."

चौतीस वर्षं विज्ञानाच्या खोलीत काढलेल्या माणसाचं हे विज्ञान. सूनबाईच्या नवऱ्यानं ते ऐकलं आणि मान डोलावली. नवरा लिफ्टची दुरुस्ती करायचा. दिवसभर लोखंडाच्या पेटीत उभा असायचा आणि तिथं आपल्या फोनला रेंज येत नाही हे त्याला पक्कं माहीत होतं. पण बापासमोर माहिती वापरायची त्याला सवय नव्हती. "अण्णांना कोण सांगणार," असं म्हणून तो डबा घेऊन कामावर जायचा. हे वाक्य तो लहानपणापासून म्हणत होता आणि ते म्हणून झालं की आपलं कर्तव्य संपलं असं त्याला मनापासून वाटायचं.

मग अण्णांनी स्वतःच दुरुस्ती हाती घेतली. त्यांचं पहिलं निदान शेजारी हे होतं. "आपलं इंटरनेट कोणीतरी बाहेरच्या बाहेर ओढतंय." त्यांनी पासवर्ड बदलून बावीस अक्षरांचा केला, तो कागदावर लिहिला आणि कागद कपाटात ठेवला. दुसरं निदान फ्रिज. दोन दिवस फ्रिज बंद राहिला, दूध नासलं, फोन तुटतच राहिले. तिसऱ्या निदानाच्या वेळी त्यांनी राउटरच्या अँटेनाची दोन्ही शिंगं स्पिरिट लावून पुसली.

शेवटी त्यांना उपाय सापडला. रोज सकाळी ते कपाट उघडायचे, राउटर बंद करायचे, मोठ्यानं शंभरपर्यंत आकडे मोजायचे आणि पुन्हा चालू करायचे. मग दार तसंच ठेवून दिव्यांकडे बघत पंधरा मिनिटं खुर्चीवर बसायचे. त्या पंधरा मिनिटांत इंटरनेट असं काही धावायचं की विचारू नका. नातीनं मोबाइलवर वेग मोजून दाखवला, आकडा पाहून अण्णांची छाती फुगली. "बघितलंस? शंभर मोजल्याचा परिणाम." मग ते दार लावायचे आणि वेग मरायचा.

"दार उघडं असताना चालतंय, अण्णा," सूनबाई म्हणाली.

"ताजं असताना चालतंय," अण्णा म्हणाले. "मग दमतं. फुकटात मिळालेलं यंत्र, त्याचा दम तो केवढा असणार?"

डोळ्यांसमोरच्या गोष्टीवरून असा उलटा निष्कर्ष जगात दुसऱ्या कोणी काढला नसता. समोर उत्तर पंधरा मिनिटं उघडं पडायचं, दिवे लुकलुकवायचं, आणि हा माणूस रोज उठून त्याच्या तोंडावर दार लावायचा. सूनबाईनं कपाळाला हात लावला, पण आत जाऊन, दार लोटून.

दुसरा महिना संपता संपता अण्णांनी नवा राउटर आणला. आठ शिंगांचा. दुकानदारानं सांगितलं की हा तीन मजल्यांच्या बंगल्याला पुरतो. अण्णांचं घर दोन खोल्यांचं. त्यांनी खोकं टेबलावर ठेवून घरच्या सगळ्यांना जवळ बोलावलं आणि राउटर दाखवला. हात लावायचा नाही, हे न सांगताही सगळ्यांना कळलं. वरचं पातळ प्लास्टिक त्यांनी काढू दिलं नाही. जुन्या राउटरवर त्यांनी आपल्या अक्षरात 'निकामी' अशी चिठ्ठी लावली, त्याची वायर नीट गुंडाळली, पिशवीत घातला आणि माळ्यावर टाकला. सूनबाई आशेनं खुंटीकडे बघत होती. अण्णांनी आठ शिंगं एकेक करून मिटली, कारण ती उभी राहिली तर फळीवर मावत नव्हती, आणि नवं यंत्र कपाटात ठेवलं.

"अण्णा, हा तरी बाहेर ठेवा."

"एवढी भारी वस्तू उघड्यावर?" अण्णांना खरंच धक्का बसला होता. त्यांनी कुलूप लावलं. दोनदा हिसका दिला.

आठ शिंगांनी काडीचाही फरक पडला नाही. तिसऱ्या महिन्याच्या मध्यावर दवाखान्यातल्या देखरेखीच्या बाईंनी सूनबाईला कळवलं: तुमचं बोलणं चांगलं आहे, पण फोन फार तुटतात. येत्या गुरुवारी अकरा ते बारा मी स्वतः तुमच्या लाइनवर बसून ऐकणार आहे. त्यावर निर्णय. मोबाइलचं इंटरनेट चालणार नाही, तो आमचा नियम आहे. वायर थेट लॅपटॉपला लावावी, तर त्यांनी दिलेल्या लॅपटॉपला वायरीचं भोकच नव्हतं.

सूनबाईनं इंटरनेटवाल्याला बोलावलं. मंगळवारी तो आला. पस्तिशीचा, दाढी वाढलेला, कामाला वाघ वाटणारा माणूस. त्यानं भिंतीवरच्या डबीला आपलं यंत्र जोडलं, पाहिलं आणि म्हणाला, "लाइन ठणठणीत आहे. पूर्ण वेग येतोय. राउटर कुठं आहे?"

"आहे," अण्णा म्हणाले.

"कुठं?"

"सुरक्षित आहे."

त्या माणसानं वायर कुठं जाते ते नजरेनं पाहिलं, कपाटाच्या मागं वाकून भोक पाहिलं आणि सरळ उभा राहिला. मग अण्णांकडे निरखून पाहिलं. "तुम्ही कुलूप... प्रयोगशाळेतले सर ना? मी तुमच्या शाळेचा."

अण्णा खूश झाले. "असणारच. माझ्या हाताखालून किती गेले."

"सर, हे कपाट तेच आहे. आणि राउटर ह्याच्यात आहे?" तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण. "लोखंड आहे हे. सगळं आतच अडतं. बाहेर काढून ठेवा, दुसरं काही करायला नको."

"तू किती शिकलास?" अण्णांनी विचारलं.

"शाळा झाली, मग ह्या कामाचा सहा महिन्यांचा कोर्स केला."

"मी चौतीस वर्षं विज्ञानात आहे."

इंटरनेटवाल्यानं आपली हत्यारं पिशवीत भरली. जाताना म्हणाला, "सर, त्या सूक्ष्मदर्शकाची आकृती मी तीन वर्षं काढली. पैकीच्या पैकी मार्क मिळायचे. त्यातून कांद्याचा पापुद्रा कसा दिसतो, ते मला अजून माहीत नाही."

"म्हणूनच तो फुटला नाही," अण्णा म्हणाले.

जिन्यात सूनबाई त्याला सोडायला गेली. तो हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, जुना राउटर टाकला नसेल ना? त्याच्यात काही बिघाड नव्हता. डबीतली वायर काढून त्याची लावा, तो उघड्यावर ठेवा. बस."

बुधवारभर अण्णा धुमसत होते. शाळेच्या पोरानं अक्कल शिकवावी म्हणजे काय. संध्याकाळी त्यांनी जाहीर केलं की गुरुवारी सकाळी ते स्वतः इंटरनेटच्या ऑफिसात जाणार. "तुझी परीक्षा अकराला ना? मी साडेदहालाच त्यांच्या डोक्यावर जाऊन बसतो. बघतो वेग कसा सोडत नाहीत."

सूनबाईनं शेवटचं विचारून पाहिलं. "अण्णा, त्यापेक्षा किल्ली ठेवून जाल का? तासभर दार उघडं ठेवते. मी इथंच असेन."

"कपाट उघडं, आणि मी घरात नाही?" अण्णा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती. तिची नोकरी एका पारड्यात आणि कपाटाचं दार दुसऱ्या पारड्यात ठेवून त्यांनी एका क्षणात निर्णय दिला होता, आणि पहिल्या पारड्यात काही आहे हे त्यांना दिसलंही नव्हतं. सूनबाई उठून आत गेली. पण बारा वर्षं जो मान तिनं जिभेवर सांभाळला होता तो त्या संध्याकाळी संपला.

गुरुवारी सव्वादहाला अण्णा इस्त्रीचा सदरा घालून, किल्ली कमरेला लावून निघाले. नवरा कामावर, नात शाळेत. सूनबाईनं स्टूल ओढलं, कंबर सांभाळत वर चढली आणि माळ्यावरची पिशवी काढली. एका बाबतीत मात्र अण्णांना मानायला हवं. पिशवीत सगळं होतं: राउटर, त्याचा प्लग, आखूड वायर, तीही दोऱ्यानं बांधलेली. धुळीचा कण नाही. दुसऱ्या कोणाच्या घरी असता तर प्लग हरवला असता आणि वायर उंदरानं खाल्ली असती.

तिनं डबीतून कपाटाकडे जाणारी वायर उपटली, आखूड वायर लावली आणि राउटर टेबलावर नातीच्या उपड्या रंगीत डब्यावर उभा केला. एक दिवा लागला. दुसरा लागला. तिसऱ्यानं बराच वेळ घेतला. तेवढ्यात तिनं त्या अख्ख्या घराण्याच्या नावानं बोटं मोडून घेतली. मग तिसराही लागला. लॅपटॉपनं जुन्या राउटरचं नाव आपणहून ओळखलं, पासवर्डही त्याच्या लक्षात होता. तिनं वेग मोजला. पहिल्या चार दिवसांत होता तेवढाच, पुरेपूर. अकराला पाच मिनिटं कमी होती. ती आतल्या खोलीत जाऊन बसली आणि तिनं हेडफोन चढवला.

तासाभरात सतरा फोन आले. एकही तुटला नाही. एका पोराच्या बापानं घाईघाईत तीन प्रश्न एका दमात विचारले, तिनं तिन्हींची उत्तरं त्याच क्रमानं दिली. एक आजोबा हळू बोलत होते, शब्दांच्या मधे थांबत होते. तिला त्यांचं थांबणंही ऐकू आलं. बाराला देखरेखीच्या बाई म्हणाल्या, "आवाज अगदी स्वच्छ आहे. आधी नेमकी कसली अडचण होती?"

"कपाटाची," सूनबाई म्हणाली.

"कसली?"

"काही नाही. घरातली होती. आता नाही."

"मग एक तारखेपासून तुम्ही कायम. आजच्या पाळीचे उरलेले फोन घ्या, कागद पाठवते."

साडेबाराला जिन्यात पावलं वाजली. अण्णा घामाघूम होऊन आले, पण चेहरा लढाई मारून आल्यासारखा. "बोललो चांगलं! नीट कानउघाडणी केली साहेबाची. त्या पोराचं नावच सांगितलं. म्हटलं, विज्ञान मला शिकवू नका. आता बघ, वेग सोडला असेल त्यांनी."

"अकरापासून चांगला आहे," सूनबाई म्हणाली.

"मग! मी अकरालाच आवाज चढवला होता."

आणि तेव्हा त्यांना टेबलावर, उपड्या डब्यावर, तीन दिवे लावून उभं असलेलं ते यंत्र दिसलं. ते जवळ गेले. त्याच्या पोटावर त्यांच्याच वळणदार अक्षरात 'निकामी' लिहिलेलं होतं.

"हे इथं काय करतंय?"

"काम करतंय," सूनबाई म्हणाली. "तुमच्या कपाटातल्या यंत्राची वायर मी काढली. हे लावलं. ह्याच्यावर तासभर फोन घेतले, माझी नोकरी कायम झाली. बिघाड ह्यात कधीच नव्हता, अण्णा."

बोलून ती उभी राहिली. आता ते ओरडतील, मग ती ओरडेल. अडीच महिन्यांचं सगळं तिच्या तोंडाशी आलं होतं: नासलेलं दूध, रडकुंडीला आलेली म्हातारी, दगड झालेले रंग. तिनं शब्द रचून ठेवले होते. एकही वाया घालवायचा नाही, असं तिनं ठरवलं होतं.

अण्णांनी कपाट उघडलं. आत आठ मिटलेल्या शिंगांचं यंत्र एक लाल दिवा लावून पडलं होतं. त्यांनी ते हातात घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं.

"म्हणजे ह्याच्यावर आता काहीच चालू नाही?"

"काहीच नाही."

"कोणी वापरत नाही?"

"कोणी नाही."

अण्णांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. त्यांनी यंत्राचा प्लग काढला, वायर गुंडाळली, दोऱ्यानं बांधली, वरचं प्लास्टिक अंगठ्यानं सारखं केलं. मग ते मूळ खोक्यात घालून सूक्ष्मदर्शकाच्या शेजारी ठेवलं. "मग राहू दे असंच," ते समाधानानं म्हणाले. "नवंकोरं राहील."

त्यांनी कुलूप लावलं, दोनदा हिसका दिला. सूनबाईचे रचलेले शब्द तसेच राहिले. तिला वाटत होतं की हा माणूस अडीच महिने वेगासाठी धडपडत होता, चुकत होता, हट्टाला पेटला होता. तसलं काही नव्हतं. त्यांना वेग कधी हवाच नव्हता. तिचे फोन, तिची कंबर, पलीकडची माणसं, ह्यातलं काहीही त्या दाराच्या आत पोचलंच नव्हतं. अशा माणसाशी भांडायचं तरी कशावरून.

"ती चिठ्ठी तेवढी काढ त्याच्यावरची," अण्णा म्हणाले. "चांगली आहे अजून. लागेल कशाला तरी."

तिनं नखानं चिठ्ठी सोडवली आणि त्यांना दिली. अण्णांनी ती बोटांनी सपाट केली, ती कशावर लावता येईल म्हणून खोलीभर पाहिलं. कपाटाला कुलूप लागलं होतं आणि पुन्हा उघडायचा त्यांना कंटाळा आला होता. शेवटी त्यांनी ती सदऱ्याच्या वरच्या खिशात सरकवली. सदरा पातळ होता. अक्षरं बाहेरून वाचता येत होती.

सूनबाईला हसू येईल असं वाटलं. आलं नाही. तेवढ्यात आतल्या खोलीत लॅपटॉप वाजला, ती आत गेली आणि तिनं फोन घेतला. पलीकडे एक बाई आपलं नाव सांगत होती, आणि ते पहिल्याच वेळी नीट ऐकू आलं.